पुस्तकवाला आणि खोली नंबर तीन

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि मी तिसऱ्या मजल्यावर राहते. रस्त्यापासून माझ्या दारापर्यंत चोपन्न पायऱ्या आहेत. मी त्या कधी मोजल्या नव्हत्या. पुस्तकवाल्याने मोजल्या होत्या.

कोपऱ्यावरच्या वाचनालयातून सभासदांच्या घरी पुस्तकं पोचवायची आणि वाचून झालेली परत न्यायची, हे काम त्याने अठ्ठावीस वर्षं केलं. बेचाळीस घरं, आठवड्यातले सहा दिवस, खांद्याला कॅनव्हासची पिशवी. पिशवी बायकोने शिवलेली, एका दुकानाच्या जुन्या छपराच्या कापडाची, पट्ट्याला दुहेरी शिवण. माझा वार गुरुवार, वेळ चारची. त्याची पावलं दुसऱ्या मजल्यावर वाजली की मी चहा ठेवायचे. दार उघडलं की नमस्कार वगैरे भानगड नाही. "सतरावी पायरी हलते, बाई. कोणीतरी पडेल. घरमालकांना सांगा." मी म्हणायचे, "सांगते." मग पिशवी उघडायची.

मी मुलींच्या कॉलेजात एकतीस वर्षं इतिहास शिकवला, म्हणून बाई. तो स्वतः सातवीपर्यंत शिकलेला. पण वाचनालयातल्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं पान त्याने वाचलेलं होतं. फक्त शेवटचं. जिन्याच्या वळणावर दम खायला थांबला की तेवढ्यात वाचून व्हायचं. इमारतीतली मुलं त्याला 'शेवटचं पान' म्हणत आणि तो ओ द्यायचा.

ह्या सवयीमागे एक गोष्ट होती, ती त्याने मला बऱ्याच वर्षांनी सांगितली. कामाला लागल्यावर पहिल्याच वर्षी त्याने एका घरी नवीन कादंबरी दिली. त्या घरातली मुलगी चार महिन्यांपूर्वी तापाने गेली होती. कादंबरीतली मुलगीही शेवटी जाते. त्या आईने दुसऱ्या दिवशी वाचनालयात येऊन पुस्तक टेबलावर ठेवलं आणि निघून गेली. तेव्हापासून शेवट पाहिल्याशिवाय पुस्तक द्यायचं नाही, असं त्याने ठरवलं. वाचनालयाच्या मालकाने त्याला कधी तसं सांगितलं नव्हतं.

त्याच्या शिफारशी ऐकण्यासारख्या असत. "शेवटी तो मरतो, पण सुखाने मरतो. ठेवू?" किंवा, "ह्यात लग्न होतं, पण मला काही ते टिकेलसं वाटत नाही." खालच्या मजल्यावरच्या निवृत्त स्टेशनमास्तरांना तो खुनाच्या गोष्टी देताना खुनी कोण ते सांगून टाकायचा आणि मास्तर जिन्यापर्यंत त्याच्या मागे शिव्या देत यायचे. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मास्तर गेले तेव्हा त्यांच्या मुलाने सांगितलं की बाबांनी शेवटच्या आजारात दोनच माणसांची चौकशी केली, त्यातला एक पुस्तकवाला.

असा हा माणूस. उंच, कानाच्या पाळ्या मोठ्या, उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी, चष्म्याच्या दुकानात काम करणारी. बायको घरी बसून शर्टांना काजं-बटणं करायची, दिवसाला साठ-सत्तर शर्ट. दोन खोल्या, तळमजला. "दिवसभर दुसऱ्यांचे जिने चढतो, स्वतःच्या घरी एकही पायरी नको," असं तो म्हणायचा.

त्याची कंबर दुखायला लागली ती दोन हिवाळ्यांपूर्वी. आधी त्याने पिशवी डाव्या खांद्यावर घेतली. मग दोन फेऱ्यांत पुस्तकं वाटायला लागला. मग शेवटचं पान वाचायला प्रत्येक वळणावर थांबू लागला, आणि एवढी पुस्तकं तर पिशवीत नसायची.

आता आरोग्य केंद्राबद्दल सांगायला हवं. आमच्या वस्तीचं केंद्र म्हणजे एक बैठी इमारत, पाच खोल्या, बाहेर लोखंडी बाकं, आणि दाराशी नोंदणीचं टेबल. टेबलावरची बाई विचारते, काय होतंय. तुम्ही सांगता. ती चिठ्ठीवर खोलीचा नंबर घालते. पूर्वी सगळ्यांना एकच नंबर होता, खोली एक, डॉक्टर. त्या वर्षी नवीन पाटी लागली: पाठ, कंबर, मान, खांदा किंवा गुडघा दुखत असल्यास प्रथम खोली नंबर तीनमध्ये फिजिओथेरपिस्टना भेटा.

त्या 'प्रथम'वर सगळे चिडले. डॉक्टरांनी तपासून मग पाठवलं तर एक वेळ ठीक, पण प्रथम? बाकावर नुसता गोंधळ. आम्ही काय खेळाडू आहोत का, असं एक जाडजूड गृहस्थ विचारत होते, आणि ते खेळाडू नाहीत हे कोणालाही दिसत होतं. एक बाई म्हणाली, डॉक्टर कमी पडले म्हणून ही मालिशवाली बसवली आहे. एका आजोबांनी घरून एक्स-रेचा मोठा लिफाफा आणला होता आणि मालिशवालीने तो खिडकीशी धरून पुरतं अर्धं मिनिटही पाहिला नाही, ह्याचा त्यांना मनापासून अपमान वाटला होता. गोळी नाही, सुई नाही, नुसतं "हे रोज दहा वेळा करा", ह्याला काय औषध म्हणायचं? ज्यांना बरं वाटलं होतं ते जरा हळू आवाजात बोलत. आपलं दुखणं इतकं साधं होतं हे कबूल करायला कोणालाच आवडत नाही.

लोक हुशार असतात. महिन्याभरात त्यांनी वाट काढली. टेबलावर पाठ म्हणायचंच नाही. चक्कर म्हणायचं, की खोली एक. आमच्या वस्तीतली पाठदुखी बघता बघता संपली आणि सगळ्यांना चक्कर यायला लागली.

मी स्वतः खोली तीनमध्ये एकदा गेले होते. माझा डावा खांदा आखडला होता. ती मुलगी तिशीच्या आतली, केस घट्ट बांधलेले, हात थंड. तिने मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि बोटांनी भिंत चढायला सांगितलं, कोळ्यासारखं. दिवसातून तीनदा. वर म्हणाली, "जमेल तेवढंच करा हं, आजी."

मला नातवंडं नाहीत. मला आजवर कोणी आजी म्हटलेलं नव्हतं. मी घरी आले, कोळी वगैरे काही केलं नाही, आणि ती बाई बिनकामाची आहे असं आठवडाभर भेटेल त्याला सांगितलं. खांदा अजून पूर्ण वर जात नाही. ही हकीगत मी इथे लिहिते कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं.

त्या गुरुवारी पुस्तकवाल्याची पावलं दुसऱ्या मजल्यावर वाजली आणि चहा उकळून खाली बसला तरी दारावर आली नाहीत. मी बाहेर येऊन पाहिलं. तो कठडा धरून एकेक पायरी चढत होता, दोन्ही पाय एका पायरीवर टेकवत, लहान मुलासारखा. वर येऊन तो माझ्या दारातल्या स्टुलावर बसला. अठ्ठावीस वर्षांत तो कधी बसला नव्हता. सतराव्या पायरीचं नावही काढलं नाही.

म्हणाला, कंबरेतून दोन्ही पायांत कळ जाते, मागच्या बाजूने, पार पोटऱ्यांपर्यंत. आधी एकाच पायात होती. बायको महिनाभर मागे लागली आहे की खोली तीनमध्ये जा. तिची मान त्या मुलीनेच बरी केली होती, बसायचं स्टूल दोन विटा उंच करायला लावून आणि मानेचे कसले कसले प्रकार शिकवून. सहा आठवड्यांत ती पुन्हा सत्तर शर्टांवर आली होती. पण तिथे जायचं म्हणजे त्याच्या मुलीपेक्षा लहान पोरीसमोर शर्ट वर करून पालथं पडायचं. आणि ती डॉक्टरही नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"बाई, तुम्ही शिकलेल्या. तुम्ही सांगाल ते करतो."

मी एक क्षण तरी विचार केला असेल, असं मला लिहायला आवडलं असतं. मी लगेच बोलले. म्हटलं, एवढ्या मोठ्या दुखण्याला आधी डॉक्टरच हवा. तपासू दे, फोटो काढू दे, औषध देऊ दे. कसरती मागाहून. तो म्हणाला, पण टेबलावरची बाई तीनलाच पाठवते. म्हटलं, पाठ म्हणूच नकोस. आणि चक्करही नको, चक्कर आता तिला कळायला लागली आहे. पोटाचं सांग. आम्लपित्त म्हण. जेवणानंतर छातीत जळजळ, आंबट ढेकर, झोप नाही. एकदा आत गेलास की डॉक्टरांना सांग कंबरेचं.

मी त्याच्याकडून ते पाठ करून घेतलं. तोंडी परीक्षेला उभी असलेली मुलगी अडखळली की मी जशी पुन्हा सुरुवातीपासून म्हणायला लावायचे, तसंच त्यालाही लावलं. "आम्लपित्त" त्याला दोनदा नीट म्हणता आलं नाही. तिसऱ्यांदा आलं. आम्ही दोघंही हसलो. चहा पुन्हा गरम केला.

शुक्रवारी सकाळी तो गेला. टेबलावर आम्लपित्त म्हणाला, खोली एक मिळाली. डॉक्टरांकडे त्या दिवशी चाळीसच्या वर माणसं होती. त्यांनी पोट दाबून पाहिलं, चार प्रश्न विचारले, गोळ्या लिहिल्या, दिवसातून दोनदा जेवणाआधी. तो उठता उठता म्हणाला, जरा कंबरही दुखते. डॉक्टर म्हणाले, मग ते टेबलावर का नाही सांगितलंत? चिठ्ठी देतो, खोली तीनमध्ये आजच दाखवून जा. आणि त्यांनी 'आजच'खाली रेघ ओढली.

तो तीनच्या दारापर्यंत गेला. बाकावर दोन बायका बसल्या होत्या. दार अर्धं उघडं होतं आणि आत ती मुलगी खाली बसून कोणाचा तरी पाय स्वतःच्या गुडघ्यावर घेऊन वाकवत होती. त्याने चिठ्ठी हातातल्या पुस्तकात घातली आणि तो फेरीवर निघून गेला. एवीतेवी डॉक्टरांना भेटून झालंच होतं. गोळ्या मिळाल्याच होत्या.

आता पुढे जे झालं ते मी त्याच्याकडून तुकड्यातुकड्यांनी ऐकलं आहे.

शुक्रवारी संध्याकाळी जेवायला बसला तेव्हा त्याला वाटलं आपल्या खाली काहीतरी मऊ अंथरलं आहे. हात लावून पाहिला, नुसती फरशी. बसायच्या जागेला आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला काही कळत नव्हतं. कंबरेची कळ मात्र कमी झाली होती, म्हणून त्याला बरंच वाटलं. शनिवारी सकाळपासून लघवीला जायचा, उभा राहायचा, आणि काही व्हायचं नाही. दुपारी त्याला कारण सापडलं. गोळ्या. जो आजार नाही त्याच्या गोळ्या खाल्ल्या, त्या बाधल्या. खोटं बोलून घेतलेलं औषध, ते बाधणारच. त्याने गोळ्या बंद केल्या आणि त्यांचा असर उतरायची वाट पाहत बसला.

बायकोला सांगावं, तर आधी आम्लपित्ताचं सांगायला हवं. ते सांगायचं म्हणजे तिचं न ऐकता डॉक्टरांना फसवून आलो, हे आलं. आणि ते कोणी शिकवलं, हेही आलं. शिवाय लघवीची गोष्ट. तो म्हणाला, दोन दिवसांचा तर प्रश्न होता, बाई. रविवारी केंद्र बंद असतं. सोमवारी बघू म्हटलं.

सोमवारी तो एका घराच्या पहिल्या मजल्याच्या वळणावर पडला. घसरला नाही, ठेचकाळला नाही. पाय नव्हतेच, असं तो म्हणतो. पुस्तकं जिन्यावरून खालपर्यंत गेली आणि खालच्या घरातल्या माणसाला वाटलं वर कोणी सामान हलवतंय.

मोठ्या इस्पितळात मंगळवारी पहाटे शस्त्रक्रिया झाली. कण्याच्या खालच्या टोकाशी नसांचा जुडगा असतो, मधली चकती सरकून तो चेपला गेला होता. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी त्याच्या बायकोला सरळ सांगितलं की शुक्रवारी-शनिवारी आला असता तर बरंच काही वाचलं असतं. तिने ते मला इस्पितळाच्या व्हरांड्यात जसंच्या तसं सांगितलं, एकही शब्द न गाळता. तिच्या हातात त्याच्या चपला होत्या. मी म्हणाले, कोणाला माहीत असतं. ती म्हणाली, "हो ना."

ती पुस्तकं वाचनालयाने गोळा करून आणली. त्यातलं एक माझ्यासाठी काढून ठेवलेलं होतं, मालकाने ते माझ्याकडे पाठवलं. शेवटच्या पानाशी डॉक्टरांची चिठ्ठी होती. आजच, खाली रेघ. मी ती कपाटात माझ्या पदवीच्या कागदांच्या फाइलमध्ये ठेवली. दुसरी जागा सुचली नाही.

दीड महिन्याने त्याला घरी आणलं. कमरेखाली डाव्या पायात थोडी हालचाल, उजव्यात जवळजवळ नाही, लघवीसाठी नळी. आणि व्यायामासाठी घरी येणार कोण, तर खोली तीनमधली तीच. आठवड्यातून दोनदा, सोमवार आणि गुरुवार. गुरुवारी चारला आता मी त्याच्याकडे जायला लागले होते. वाचनालयाने घरपोच सेवा बंद केली होती. नवा माणूस मिळाला नाही, असं मालक म्हणाला. मी दोन पुस्तकं माझ्यासाठी आणायचे आणि दोन त्याच्यासाठी.

पहिल्याच गुरुवारी तिने कागद पुढे घेऊन सगळं विचारायला सुरुवात केली. कधीपासून दुखत होतं, कुठे, किती. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर, त्याची बायको खिडकीशी स्टुलावर, दोन विटांसकट, मांडीवर शर्ट. मुलगी म्हणाली, केंद्रात तुमची त्या शुक्रवारची नोंद आहे, पण पोटाची आहे. पोटाचं का सांगितलंत?

"तीनला यायचं नव्हतं," तो म्हणाला.

"हे कोणी शिकवलं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. ते न पाहणं मला लख्ख दिसलं.

"माझंच डोकं, मॅडम. शेवटचं पान वाचायची सवय. मधलं गाळतो."

ती हसली नाही. तिने कागद बाजूला ठेवला आणि शांतपणे सांगितलं की पाठ दुखते म्हणून जो कोणी तिच्या दारात येतो त्याला ती आधी पाच प्रश्न विचारते. दोन्ही पाय दुखतात का. पायांतली शक्ती गेली आहे का. बसायच्या जागेला बधिर वाटतं का. लघवी होते का. शौचाचं कळतं का. हात नंतर लावते. एकाला जरी हो म्हटलं, तर तो माणूस बाकावर परत बसत नाही, तिथूनच गाडीत बसतो इस्पितळाच्या. आणि ज्याला अजून काही झालेलं नसतं, त्याला ती सांगून ठेवते की ह्यातलं काही झालं तर थांबायचं नाही. "मालिश मी करतच नाही," ती म्हणाली.

शुक्रवारी सकाळी त्याचे दोन्ही पाय दुखत होते. पहिल्याच प्रश्नाला.

मी बोलायला हवं होतं. तोंड उघडायला एवढी जागा होती. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले, ते मागच्या महिन्यावर होतं. त्याच्या बायकोने दात लावून दोरा तोडला आणि विचारलं, बाई, चहा घेणार ना?

मी घेतला. त्यानंतरच्या प्रत्येक गुरुवारी घेतला.

त्या मुलीने त्याला विचारलं होतं, कुठपर्यंत चालायचं आहे. ती सगळ्यांनाच विचारते, म्हणजे काय शिकवायचं ते ठरवता येतं. कोणी म्हणतं मोरीपर्यंत, कोणी म्हणतं नाक्यापर्यंत. तो म्हणाला, बाईंच्या दारापर्यंत. चोपन्न.

तिने ते लिहून घेतलं. आधी पलंगाच्या कडेवर बसणं. मग उभं राहणं, तिच्या खांद्यांवर हात ठेवून. ती त्याच्या छातीएवढी, पण हलायची नाही. मग चाकांशिवायचा वॉकर. पलंगापासून दार नऊ पावलं. तिने कुठून तरी एक लाकडी पाट आणला, पायरीएवढा उंच, आणि तो त्यावर डावा पाय ठेवायला शिकला. उजवा हाताने उचलून ठेवायचा. "ही पहिली," तो म्हणायचा. दहा महिने. घाम असा गळायचा की बायको कपडा घेऊन मागे उभी राहायची. कोणी नसताना त्याने एकदा दुसरी पायरी म्हणून पाटावर पाट ठेवला आणि पडला. त्या मुलीने त्याला इतकं झापलं की शेजारची दारं उघडली. मग ती बाहेर ओट्यावर जाऊन बसली. मला वाटलं फोन आला असेल. मी बाहेर गेले तेव्हा ती डोळे पुसत होती. मला पाहून म्हणाली, आजी, जरा पाणी देता? मी दिलं. आजी म्हटलेलं मला लागलं नाही.

तो आता पुस्तकं पहिल्या पानापासून वाचत होता. मी एकदा म्हटलं, शेवट बघून सांग ना, नेऊ का हे. म्हणाला, तिथपर्यंत पोचलो नाही अजून.

अकराव्या महिन्यात तिने त्याला खरं सांगितलं. गुरुवारी नाही, सोमवारी, मी नव्हते. घरातल्या घरात वॉकर, दारापर्यंत, धरून ओट्यापर्यंत. त्यापुढे नसा परत येतील असं तिला वाटत नव्हतं. नळी राहणार. पायऱ्या नाहीत. मला हे त्याच्याकडून कळलं. "बिचारी सकाळपासून सांगायचं सांगायचं करत होती," तो म्हणाला. "शेवटी मीच म्हटलं, मॅडम, शेवट सांगून टाका."

त्या आठवड्यात माझा गुडघा सुजला. मी केंद्रात गेले. टेबलावरच्या बाईने विचारलं काय होतंय. म्हटलं, गुडघा, तीनला पाठवा. ती जरा चकित झाली. बाकावर ते जाडजूड गृहस्थ होते. त्यांनी मला हळूच सांगितलं की चक्कर म्हणा. मी त्यांच्यावर अशी काही ओरडले की रांग मागे वळली. कॉलेज सोडून तेरा वर्षं झाली, तरी आवाज अजून तसाच आहे. त्याचा कोणाला काही उपयोग झाला असेल तर मला माहीत नाही.

खोलीत तिने माझा गुडघा दोन्ही हातांत धरला. हात तसेच थंड. मी म्हणाले, पुस्तकवाल्याला आम्लपित्त मी शिकवलं. पाठ करून घेतलं. तुम्ही मला आजी म्हणालात म्हणून मला राग आला होता.

तिने अंगठ्यांनी गुडघ्याची वाटी दाबून पाहिली.

"हे मला कशाला सांगता?" ती म्हणाली. "त्यांच्या घरी सांगा." मग म्हणाली, पाय सरळ करा.

म्हणून गुरुवारी मी त्यांच्या घरी सांगितलं. तो पलंगावर उशीला टेकून, ती खिडकीशी, मांडीवर निळा शर्ट. मी खुर्चीवर बसलेही नाही. सगळं सांगितलं, स्टूल, चहा, तीनदा म्हणवून घेतलेलं आम्लपित्त, तो मॅडमशी खोटं बोलला तेव्हा मी कॅलेंडर बघत होते ते, आणि गुडघा दाखवताना मॅडमना हे सांगून आले तेही.

तो रागावला. "कशाला, बाई? झालं ते झालं. आता ती मॅडम तुमच्याशी नीट बोलणार नाही, आणि गुडघ्याला तर तिच्याकडे जायचंय तुम्हाला."

बायकोची सुई थांबली नव्हती. बटण पुरं करून तिने दोऱ्याला गाठ मारली.

"मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे," ती म्हणाली. "इस्पितळात कागद वाचून दाखवला त्यांनी. आम्लपित्त. यांना पोटात काही झालं की हे म्हणतात, आग पडली. आम्लपित्त हा शब्द आमच्या घरातला नाही."

तिने पुढचा शर्ट घेतला, काजं चाचपली.

"माझी मान बरी झालेली यांना रोज दिसत होती. समोर बसून दिसत होती. तरी तुमचं ऐकलं, कारण तुम्ही शिकलेल्या." तिचा आवाज चढला नाही. "मी वाट बघत होते तुम्ही कधी बोलाल त्याची. वर्ष झालं. दर गुरुवारी म्हटलं, आज बोलतील."

आणि वर्षभर तिने मला चहा दिला होता, बशीसकट.

त्याला ते सहन होईना. भांडणात मध्ये पडणाऱ्या माणसासारखा तो खोकला, उशी सारखी केली, आणि जे नेहमी विचारायचा ते विचारलं. "बाई, सतरावी अजून हलते?"

"हलते," मी म्हणाले.

"कोणीतरी पडेल. घरमालकांना सांगा."

सांगते, असं मी अठ्ठावीस वर्षं म्हणत होते. त्या दिवशी मला तो शब्द तोंडातून काढता आला नाही. मी पुस्तकं त्याच्या पलंगावर ठेवली आणि निघाले. चहाचं तिने त्या दिवशी विचारलं नाही.

घरी जाताना मी घरमालकांची बेल वाजवली. गवंडी पुढच्या आठवड्यात आला. आता आमच्या जिन्यात एकही पायरी हलत नाही, आणि माझ्या दारापर्यंत चढून कोणी यायचं नाही.